जीएमचा अधिकार फासे पडायच्या आधी वापरायचा असतो

जीएमचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरचा, शब्द शेवटचा, हे वाक्य टेबलटॉप आरपीजी (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक कॅरेक्टर घेऊन खेळायचे खेळ) खेळणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं, पण तो नक्की कशाबद्दल शेवटचा हे कुणी धड सांगत नाही आणि मग पहिल्यांदा जीएम करणारी माणसं दोन टोकांना जातात. एक तर हम करे सो कायदा, नाहीतर प्लेअर्स जे म्हणतील त्याला मान डोलवायची. दोन्हीत गेम मरतो. माझं स्पष्ट मत आहे की जीएमला अधिकार भरपूर हवा, फक्त तो फासे पडायच्या आधी वापरायचा. पडल्यावर जीएमनेही फाशांचं ऐकायचं.

ही जीएमची भूमिका मुळात आली कशासाठी ते आधी बघा, त्यातनं बरंच कळतं. प्रशियन सैन्यात अधिकाऱ्यांच्या सरावासाठी क्रीगस्पील नावाचा युद्धखेळ होता, रायस्वित्झचे त्याचे रूल्स १८२४ मध्ये आले, आणि त्यात दोन्ही बाजू आपापले हुकूम पंचाकडे द्यायच्या आणि काय घडलं ते पंच सांगायचा. रूल्स आणि तक्ते इतके किचकट की १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने सरळ म्हटलं की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला ठरवू द्या. पुढे १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत डेव्हिड वेझलीने ब्रॉन्स्टाइन नावाचा खेळ घेतला, तिथे प्लेअर्स रूल्समध्ये नसलेल्याच गोष्टी करायला लागले आणि वेझलीला जागच्या जागी निकाल द्यावे लागले. त्या ग्रुपमधल्या डेव्ह आर्नेसनने त्यावरून ब्लॅकमूर नावाचं काल्पनिक जग उभं केलं, मग आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्सचं डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी) १९७४ ला आलं. म्हणजे जीएम आहे कारण प्लेअर काय करायला जाईल हे कुठल्याच रूलबुकला आधी माहीत नसतं. पुस्तक गप्प बसतं तिथे बोलायला कुणीतरी लागतं, आणि ते काम तुमचं.

आता तुमच्याकडे काय येतं? जग, त्यातले सगळे एनपीसी (प्लेअर्स चालवत नाहीत ती पात्रं), त्यांना काय हवंय, प्लेअर्स काही करत नसताना पडद्याआड काय चाललंय, रूल कधी लावायचा, कधी सीन संपवून पुढे जायचं. हे सगळं तुमचं. प्लेअरचं कॅरेक्टर काय विचार करतं, काय बोलतं, काय ठरवतं हे तुमचं नाही. "तुला भीती वाटते, तू पळतोस" असं म्हणू नका, त्यापेक्षा दाराच्या फटीतून काय दिसलं, कसला वास आला, कुणाचा आवाज मध्येच बंद पडला ते सांगा आणि मग गप्प बसा. घाबरायचं की नाही ते प्लेअर ठरवेल. अपवाद आहे तो रूल्समधूनच येणारा. मोहिनी घालणारा स्पेल लागला, किंवा कॉल ऑफ कथुलूसारख्या भयकथेच्या गेममध्ये सॅनिटी (मनाचा तोल) ढासळली आणि काही वेळ कॅरेक्टर हातातून गेलं, तर ते चालतं, कारण असा गेम निवडतानाच टेबलाने ते मान्य केलेलं असतं.

रुलिंग, म्हणजे निकाल, कसा द्यायचा

खरी कसोटी इथे लागते म्हणून जरा सावकाश सांगते.

समजा प्लेअर म्हणाला मी झुंबराला लटकून पलीकडे उडी मारतो. लगेच फासे टाकायला लावू नका. आधी विचारा, त्यातून तुला मिळवायचंय काय? दाराशी आधी पोचायचंय, का सरदाराच्या अंगावर पडायचंय, का नुसतंच सगळ्यांचं लक्ष वेधायचंय? बरीचशी भांडणं इथेच टळतात, कारण प्लेअरच्या डोक्यात एक चित्र असतं आणि तुमच्या डोक्यात दुसरंच.

मग स्वतःला विचारा की रोलची, म्हणजे फासे टाकायची, गरज आहे का. जमणारच असेल तर हो म्हणा आणि पुढे चला, अशक्यच असेल तर तसं सांगा. फेल झाल्यावर काहीच घडणार नसेल तर रोल कशाला? कुलूप उघडलं नाही, परत प्रयत्न करतो, परत नाही उघडलं, यात फक्त टेबलाचा वेळ जातो. रोल तेव्हाच जेव्हा खरंच शंका आहे आणि दोन्ही बाजूंनी गोष्ट पुढे सरकणार आहे.

रोल घ्यायचा ठरला की आकडा आणि परिणाम दोन्ही आधी मोठ्याने सांगा. "पंधरा लागतील, नाही जमलं तर खाली टेबलावर आपटशील आणि सगळे पहारेकरी तुझ्याकडे वळतील." आणि प्लेअरला माघार घेऊ द्या, कारण कॅरेक्टर तिथे उभं आहे, त्याला उंची दिसते, झुंबराची साखळी दिसते, तुमच्या शब्दांपलीकडे काही न दिसणारा बिचारा प्लेअर आहे. लपलेला सापळा वगैरे असेल तर तो अर्थातच सांगायचा नाही, पण कॅरेक्टरला जे समोर दिसतंय ते प्लेअरपासून लपवून नंतर अंगावर टाकलं की विश्वास जातो तो जातोच.

आकडा ठरवताना थोडं गणित डोक्यात ठेवा. डीअँडडीच्या पाचव्या एडिशनमध्ये सोप्याला १०, मध्यमला १५, अवघडला २०, फार अवघडला २५ असे डीसी, म्हणजे गाठायचे आकडे, आहेत. कॅरेक्टरचा बोनस +५ असेल तर १५ साठी वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त लागतात, म्हणजे ५५ टक्के शक्यता. तेच तुम्ही "जरा अवघड वाटतंय" म्हणून २० केलं की शक्यता थेट ३० टक्क्यांवर येते. नवीन जीएम सहज २० बोलून जातात आणि मग प्लेअर्स काही धाडसी करेनासे का झाले याचं नवल करत बसतात.

तसंच एकाच गोष्टीसाठी परत परत रोल मागू नका. अंगणातून लपत जायचंय, मग भिंतीपाशी परत रोल, मग दारापाशी परत रोल, प्रत्येक वेळी ५५ टक्के धरले तर तीनही जमायची शक्यता साधारण १७ टक्के उरते. म्हणजे नकळत तुम्ही नाहीच म्हटलंत. पूर्ण लपाछपीसाठी एक रोल घ्या आणि परिस्थिती खरंच बदलेपर्यंत तोच धरा.

आणि मग फासे पडले की पडले. पुढ्यात आडोशाला ठेवलेल्या स्क्रीनमागे आकडा बदलणारे जीएम असतात, त्यांचा हेतूही बऱ्याचदा चांगला असतो, कुणाचं कॅरेक्टर फालतू कारणाने मरू नये वगैरे. तरी मला ते पटत नाही. एखादा निकाल तुम्हाला चालणारच नसेल तर रोल घ्यायच्या आधी तो निकाल पर्यायांतून काढून टाका, मरण नको असेल तर सांगा की हरलात तर कैद व्हाल, तेवढा अधिकार तुमच्याकडे आहेच. नंतर गुपचूप बदललेला आकडा म्हणजे प्लेअरने घेतलेली रिस्कच काढून घेणं, आणि दोन-चार सेशननंतर टेबलाला वास लागतोच. मी तर म्हणेन लढाईत फासे सगळ्यांसमोर टाका.

रूलवरून वाद झाला तर

दोन मिनिटं ऐका, त्याहून जास्त काथ्याकूट नको. आत्तापुरता निकाल द्या, दोन्ही बाजू सारख्या वाटत असतील तर प्लेअरच्या बाजूने द्या, वहीत टिपून ठेवा आणि सेशननंतर पुस्तक उघडा. फक्त कॅरेक्टरचा जीव त्या एका रूलवर अडकला असेल तर तिथेच थांबून बघा, पाच मिनिटं गेली तरी चालतील. आणि तुमच्या राक्षसांनाही तोच निकाल लागू, प्लेअर्स हे बारीक लक्ष ठेवून बघत असतात.

"माझं कॅरेक्टर असंच वागेल" म्हणून कुणी साथीदारांच्याच पिशव्या मारत असेल तर त्याच्यावर वीज पाडू नका किंवा पहारेकरी सोडू नका. हा प्रश्न जगातला नाही, टेबलाभोवतीच्या माणसांचा आहे. खेळ थांबवा आणि माणसासारखं बोला, आणि इथे तुमचं मत बाकीच्यांइतकंच, एका माणसाचं. म्हणूनच सेशन झिरो घ्या, कँपेन (अनेक सेशन चालणारी गोष्ट) सुरू व्हायच्या आधी बसून ठरवा की कुठले विषय अजिबात नकोत, प्लेअर प्लेअरच्या विरोधात गेला तर चालेल का, कॅरेक्टर मरू शकतं का. जॉन स्टाव्ह्रोपुलोसचं एक्स-कार्ड टेबलावर ठेवा, कुणीही त्याला हात लावला की तो विषय तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. तुमचा सीन कितीही रंगात आलेला असला तरी ते कार्ड तुमच्या वर.

सगळे गेम हा अधिकार सारखाच वाटत नाहीत हेही बघून घ्या. अपॉकॅलिप्स वर्ल्डमध्ये जीएम फासे टाकतच नाही, त्याने काय करायचं याची तत्त्वं पुस्तकातच लिहिलेली आहेत. ब्लेड्स इन द डार्कमध्ये कुठली अॅक्शन वापरायची ते प्लेअर ठरवतो आणि धोका किती, परिणाम किती ते जीएम सांगतो. फियास्कोला तर जीएमच नाही. तेव्हा डीअँडडीची सवय घेऊन दुसऱ्या गेमला बसू नका, त्या गेमच्या पुस्तकातला जीएमबद्दलचा चॅप्टर आधी वाचा.

राहता राहिलं सेशननंतर तुमचा निकाल चुकीचा निघणं. होणारच, रोज होतं सगळ्यांचं. पुढच्या सेशनच्या सुरुवातीला एका वाक्यात सांगा की रूल असा आहे, इथून पुढे असा चालेल. जे घडून गेलं ते उलटं फिरवू नका, सोनं परत मागू नका, मेलेले शत्रू उठवू नका. त्या चुकीने कुणाचं कॅरेक्टर गेलं असेल तरच मागे जायचं, आणि कसं जायचं ते त्या प्लेअरला विचारून.