दोघांची मुंबई, शनिवार-रविवारात
परभणी, जालना किंवा संभाजीनगरहून शुक्रवारी रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस धरा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. रविवारच्या परतीचं दोन दिवसांनी, आणि नेमकं तेच काढायचं राहून जातं.

उतरा थेट सीएसएमटीला. हॉटेलची खोली सहसा दुपारीच मिळते, तोवर बॅगा क्लोकरूममध्ये ठेवा. कुलूप हवंच, नाहीतर घेत नाहीत.

शनिवारीच घारापुरी उरका: गेटवेहून लाँचने तासभर, मग शंभरावर पायऱ्या. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद. वेरूळचं कैलास पाहिलेलं असलं तरी त्रिमूर्तीसमोर घाई नको. मावळतीच्या अर्धा तास आधी मरीन ड्राइव्ह.

रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणून दूर जाऊ नका; काळा घोडा, फोर्ट पायीच फिरा.