बंगडा-तारलीचा एकत्रित अभ्यास: कोल्हापुरातून निघण्याआधीची तयारी

कोल्हापुरात बसून समुद्राचा प्रकल्प लिहायचा तर आधी मासा नव्हे, तारीख ठरवा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. एप्रिलमध्ये पैसे मंजूर झाले तरी खरेदी आटोपेपर्यंत बंदी लागते आणि पहिला नमुना ऑगस्टमध्येच हाती येतो. तारलीची वीण मात्र पावसाळ्यात असते. ते दोन महिने हवे असतील तर मत्स्यव्यवसाय खात्याकडे परवानगीचा अर्ज जानेवारीतच टाका. मे महिन्यात विचारलेल्या पत्राला उत्तर येईतो आंबा घाटात दरड पडलेली असते.

‘एकत्रित’ हा शब्द प्रस्तावात सगळेच लिहितात. त्याचा अर्थ एवढाच की पाणी, प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) आणि मासा एकाच दिवशी, एकाच जागेवरून आला पाहिजे. पाणी मंगळवारी रत्नागिरीसमोरचं आणि बंगडा गुरुवारी मिरकरवाडा बंदरातल्या लिलावातला असेल, तर दोन वेगळे अभ्यास एका फाइलीत बांधल्यासारखं होतं. म्हणून खर्चाचा आराखडा बोटीपासून सुरू करा. १०, २०, ३० आणि ५० मीटर खोलीची चार ठिकाणं एका रेषेत धरली तर ट्रॉलरचा पूर्ण दिवस जातो.

बोटभाड्याला स्वतंत्र शीर्ष मागून घ्या. ते प्रवासखर्चात कोंबलं की लेखापरीक्षणात हमखास हरकत निघते, कारण बोटमालकाकडे छापील बिल नसतं. मालकाशी वर्षभराचा लेखी करार, नौकेचा नोंदणी क्रमांक, डिझेलची पावती आणि तांडेलाची (बोटीच्या प्रमुखाची) सही असलेलं फेरीपत्रक एवढं प्रत्येक फेरीला जोडा. जीएफआर (सरकारचे सामान्य वित्तीय नियम) १२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. कागद अडला की आधी क्षेत्रसहायकाचा पगार अडतो. तापमान-क्षारता मोजणारं सीटीडी लहान प्रकल्पात विकत घेऊ नका. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय किंवा दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांना भागीदार करा आणि आकडे कोणाचे, शोधनिबंधावर नावं कोणाची, हे पैसे यायच्या आधी लिहून ठेवा.

काही सामान मात्र कोल्हापुरातच चांगलं होतं. प्लवकजाळ्याची ५० सेंटिमीटर व्यासाची स्टीलची कडी उद्यमनगरात वळवून घ्या, तळाचं वजन एखाद्या फाउंड्रीत ओतून घ्या. २०० मायक्रॉनची जाळी मात्र विकतचीच हवी, आणि तोंडाशी प्रवाहमापक बसवा. त्याच्याशिवाय किती पाणी गाळलं हेच कळत नाही. द्रवनायट्रोजनही इथेच मिळतो, कारण दुधाच्या जिल्ह्यात कृत्रिम रेतनासाठी त्याचा पुरवठा असतोच. पाण्यातलं हरितद्रव्य मोजायला एक लिटर पाणी जीएफ/एफ (काचतंतूंच्या बारीक) गाळणकागदातून गाळून, कागद अंधारात गुंडाळून थेट द्रवनायट्रोजनमध्ये टाकायचा.

विरघळलेल्या प्राणवायूच्या बाटलीत एक बुडबुडा राहिला तरी आकडा खोटा ठरतो. बाटली तळापासून भरा, वाहू द्या आणि विंकलर पद्धतीची, म्हणजे प्राणवायू पकडून ठेवणारी, दोन्ही रसायनं बोटीवरच घाला. सप्टेंबर-ऑक्टोबरात किनाऱ्याजवळ तळाचं पाणी प्राणवायूविना गुदमरतं. त्या महिन्यातली फेरी चुकली तर मासा किनाऱ्याकडे का सरकला, याचं उत्तर वर्षभर मिळत नाही.

माशांचा भाग सर्वांत नाजूक. दर महिन्याला दर जातीचे ५० ते ६० नग, आणि तेही निवड व्हायच्या आधीच्या टोपलीतले. निवड झाली की सगळे एकाच मापाचे मिळतात. जाळ्याचा प्रकार चिठ्ठीवर लिहाच: राज्याच्या हद्दीत पर्ससीनला (थवा वेढून धरणाऱ्या जाळ्याला) डिसेंबरअखेरपर्यंतच मुभा असते. जानेवारीत गिलनेटचा (मासा भोकात अडकवणाऱ्या जाळ्याचा) बंगडा मोठा दिसला तर तो वाढला म्हणून, की जाळ्याच्या आसामुळे (भोकाच्या मापामुळे), हे चिठ्ठीशिवाय सांगता येत नाही. मेलेल्या माशाच्या पोटात पचन चालूच राहतं, म्हणून तासा-दोन तासांत जठर काढून १० टक्के फॉर्मलिनमध्ये टाका. एक भाग बाजारी फॉर्मलिन, नऊ भाग पाणी. मासा काय खातो हे कळण्यासाठी समस्थानिक (आयसोटोप) तपासायचा स्नायू मात्र फॉर्मलिनजवळही नेऊ नका, नुसता गोठवा. डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोल. जाळ्यात समुद्रघोडा आला तर ठेवू नका, त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

परतीला बर्फ आणि फॉर्मलिन वेगळ्या पेट्यांत भरा आणि गाडीच्या काचा थोड्या उघड्या ठेवा. घाटाच्या वळणांवर झाकण सैल झालं तर डोळे चुरचुरून चालकाला गाडी थांबवावी लागते. चिठ्ठ्या शिसपेन्सिलीने, ट्रेसिंग पेपरवर, बाटलीच्या आत. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेरचा मार्कर बर्फाच्या पाण्याने पुसतो. पाणी, प्लवक, मासा तिन्हींना ठिकाणाचा एकच क्रमांक द्या आणि नोंदवहीचं पान रत्नागिरी सोडायच्या आधी फोनवर टिपून ठेवा.