लैंगिक अत्याचारानंतरचे उपचार: बिल कोणाचं, विमा कधी वापरायचा

रुग्णालयात पोहोचल्यावर काउंटरवर पहिला प्रश्न येतो तो कार्डाचा. "मेडिक्लेम आहे का?" घाबरलेलं घर लगेच कार्ड पुढे करतं आणि तिथेच चूक होते. बलात्कारानंतरचे उपचार देणं ही रुग्णालयाची कायदेशीर जबाबदारी आहे आणि ते विनामूल्य द्यायचे आहेत. म्हणून आधी कायद्याने मिळणारे मोफत उपचार, मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची (मोफत कायदेशीर मदत आणि नुकसानभरपाई पाहणारी सरकारी यंत्रणा) मदत आणि विमा सगळ्यांत शेवटी, हा क्रम घट्ट धरा. कार्ड एकदा दिलं की रुग्णालय नेहमीसारखं बिल लावतं. विम्याची रक्कम खर्ची पडते, नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारा फायदा, जाऊ शकतो, आणि ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्याच्या मोबाइलवर संदेश जातो. तो माणूस नवरा असू शकतो, सासरा असू शकतो, कधी आरोपीच असू शकतो.

कायदा नेमकं काय देतो

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७-क (357C) मध्ये होती. जुन्या कागदांवर तो आकडा दिसेल. सरकारी असो, महापालिकेचं असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने बलात्कार, सामूहिक बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातील व्यक्तीला तातडीने प्रथमोपचार किंवा वैद्यकीय उपचार विनामूल्य द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं. उपचार नाकारले तर रुग्णालय चालवणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा होतो. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

१८ वर्षांखालील मुलामुलींसाठी गुन्ह्यांची ही यादी जास्त रुंद आहे. पॉक्सो कायद्याची, म्हणजे मुलांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याची, कलमं ४, ६, ८ आणि १० तिच्यात येतात, म्हणजे लैंगिक हेतूने केलेला स्पर्शही येतो. शिवाय पॉक्सो नियम २०२० मधला नियम ६ सांगतो की तातडीच्या उपचारांआधी रुग्णालयाने न्यायदंडाधिकाऱ्याचं पत्र किंवा दुसरा कुठलाही कागद मागायचा नाही. जखमा, लैंगिक संसर्ग, एचआयव्ही, गर्भधारणेची शक्यता आणि मानसिक आधार हे सगळं या नियमात नाव घेऊन लिहिलेलं आहे.

प्रौढ स्त्रीचा विनयभंग मात्र कलम ३९७ मध्ये येत नाही. प्रौढ पुरुषावर झालेला लैंगिक अत्याचारही येत नाही, कारण बलात्काराची व्याख्याच स्त्रीपुरती आहे. ही कायद्यातली मोठी उणीव आहे आणि ती भरून निघायला हवी. तोवर अशा व्यक्तींनी सरळ सरकारी रुग्णालय गाठावं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना सर्व लिंगांच्या व्यक्तींना लागू आहेत. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत. एकत्र राहणाऱ्या नवऱ्याकडून अत्याचार झाला असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चं कलम ७ दाखवा. विनंती आल्यावर वैद्यकीय मदत देणं त्याखाली बंधनकारक आहे.

काउंटरवर काय बोलायचं

डिपॉझिट मागितलं तर वाद घालत बसू नका. शांतपणे एवढंच म्हणा: "ही कलम ३९७ ची केस आहे, उपचार विनामूल्य द्यायचे आहेत. देणार नसाल तर केसपेपरवर लेखी कारण आणि सही द्या." लेखी म्हटलं की बहुतेक ठिकाणी वरिष्ठ डॉक्टर किंवा वैद्यकीय अधीक्षक यांना बोलावलं जातं. तरी अडलं तर ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१ लावा, मूल असेल तर १०९८. विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे.

"आधी एफआयआर आणा" हे वाक्य हमखास ऐकू येईल. एफआयआर नसला तरी उपचार मिळतात. रुग्णालय एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद करेल आणि पोलिसांना कळवेल, ते त्याचं कर्तव्य आहे. प्रौढ व्यक्तीला तक्रार करायची नसेल तर तसा माहितीपूर्ण नकार केसपेपरवर लिहून घेतला जातो. न्यायवैद्यक तपासणीलाही संमती लागते. तपासणी नाकारली म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. 'टू-फिंगर टेस्ट', म्हणजे योनीत दोन बोटं घालून केलेली तपासणी, तर कोणीही करायची नाही. ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

खासगी रुग्णालयं पुष्कळदा "प्रथमोपचार केले, पुढचं सिव्हिलला" म्हणून हात झटकतात. प्रकृती स्थिर करून, लेखी रेफरल देऊन पाठवलं तर एक वेळ समजू शकतं; तोंडी सांगून दारातून परत पाठवणं हा नकारच आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये या मोफत उपचारांत बाह्यरुग्ण आणि आंतररुग्ण उपचार, चाचण्या, गरज पडल्यास शस्त्रक्रिया आणि समुपदेशनही धरलं आहे. तो निकाल महाराष्ट्रातल्या रुग्णालयावर थेट बंधनकारक नाही, पण अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

घड्याळाकडे पाहून घ्यायचे उपचार

पैशांच्या वादात इथे तास जातात आणि ते परत मिळत नाहीत. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. पहिल्या काही तासांतच सुरू झाली तर उत्तम. कोर्स २८ दिवसांचा, एकही दिवस न चुकवता. सरकारी रुग्णालयात आणि एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं देणारं सरकारी केंद्र) ही औषधं मोफत असतात. अडचण येते ती अशी, की रात्री कॅज्युअल्टीत दोन-तीन दिवसांच्या गोळ्या देतात आणि उरलेल्या कुठून घ्यायच्या ते सांगत नाहीत. निघण्याआधीच एआरटी केंद्राचा पत्ता, वेळ आणि चिठ्ठी मागून घ्या.

गर्भधारणा टाळण्याची गोळी, लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, एकच मात्रा. ७२ तासांत सर्वांत उपयोगी, पाच दिवसांपर्यंत देता येते पण परिणाम घटत जातो. गोळीनंतर लवकरच उलटी झाली तर डॉक्टरांना सांगा, मात्रा पुन्हा घ्यावी लागते. हेपॅटायटिस बी ची लस आधी झालेली नसेल तर तीन मात्रा: लगेच, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. धनुर्वाताचं इंजेक्शन जखमेनुसार. अंगावरचे पुरावे साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात, त्यानंतरही तपासणी आणि उपचार मिळतातच. "आता उशीर झाला" हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

गर्भ राहिलाच तर बलात्कारग्रस्त स्त्रीला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २० ते २४ मध्ये दोघांचं. त्यापुढे बहुधा उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. यासाठी एफआयआरची अट नाही, आणि गर्भपाताच्या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये यात धरला आहे. तक्रार झालेली असेल तर प्रक्रियेच्या आधी तपास अधिकाऱ्याला कळवा, म्हणजे डीएनएसाठी नमुना जपला जाईल. ही गोष्ट विसरली की पुढे खटल्यात फार जड जातं. हा खर्च विम्यावर टाकायचा विचार करू नका: गर्भपात आणि बाळंतपण बहुतेक साध्या पॉलिसींत वगळलेलं असतं. सरकारी रुग्णालयात तो मोफत होतो.

पैसे आधीच भरले असतील तर

मूळ पावत्या, औषध दुकानाची बिलं, केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड एका फाइलला लावा. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे कलम ३९७ चा उल्लेख करून परताव्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. प्रत जिल्हा शल्यचिकित्सक व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला. तपासणीच्या सर्व कागदांची प्रत विनामूल्य मिळणं हा हक्क आहे, ती पहिल्याच दिवशी मागा.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. नुकसानभरपाईसाठी अर्ज तिथे करा. महाराष्ट्रातली मनोधैर्य योजनाही त्यांच्यामार्फतच चालते. आरोपी सापडला नसला किंवा खटला उभा राहिलेला नसला तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली अर्ज चालतो. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असते. त्या आधीही, पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या किंवा दंडाधिकाऱ्याच्या दाखल्यावर प्राधिकरण मोफत वैद्यकीय मदतीचा आदेश देऊ शकतं. हा दाखला पोलीस आपणहून देत नाहीत, लेखी मागावा लागतो. मुलांच्या बाबतीत प्रवास, कपडे, खाणं अशा तातडीच्या गरजांसाठी बालकल्याण समिती शिफारस करू शकते.

विमा खरोखर कधी उपयोगी

तातडीचे दिवस सरल्यावर लांबलेली शस्त्रक्रिया, मानसिक त्रासासाठी भरती, खासगी डॉक्टरकडेच सुरू ठेवायचे उपचार, किंवा कलम ३९७ च्या बाहेर राहिलेली व्यक्ती: इथे पॉलिसी वापरा. त्याआधी दोन गोष्टी पाहा. प्रस्तावक, म्हणजे ज्याने पॉलिसी घेतली तो, कोण आहे आणि कंपनीकडे कोणाचा मोबाइल, ईमेल नोंदवला आहे. नोकरीच्या ठिकाणची गट पॉलिसी असेल तर क्लेमचे संदेश सहसा कर्मचाऱ्याला जातात. एचआरकडे न जाता थेट टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) कागद देता येतील का ते विचारा.

क्लेमला उपचाराचे कागद लागतात: डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पावत्या, चाचण्यांचे अहवाल. दुखापत असल्यामुळे एमएलसी क्रमांक किंवा एफआयआरची प्रत मागतील. न्यायवैद्यक तपासणीचा अहवाल, ज्यात घटनेचं वर्णन असतं, तो आपणहून जोडू नका. मागितलाच तर कशासाठी हवा ते लेखी विचारा आणि डॉक्टरांकडून उपचारांचा सारांश घेऊन तो द्या.

क्लेम नाकारण्याची कारणं ठरलेली असतात. "२४ तास भरती नव्हती, ओपीडी चालत नाही" हे बहुधा पॉलिसीप्रमाणे बरोबर असतं, त्यासाठी भांडण्यात वेळ घालवू नका. तो खर्च प्राधिकरणाच्या अर्जात दाखवा. "गुन्ह्याशी संबंधित उपचार वगळलेले" हे कारण मात्र चुकीचं आहे. ते कलम विमाधारकाने स्वतः गुन्हेगारी हेतूने केलेल्या कायदाभंगाबद्दल आहे, गुन्हा सोसणाऱ्याला ते लावता येत नाही. "मानसिक आजार बसत नाही" म्हणाले तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम २१(४) लिहा: शारीरिक आजारांच्या धर्तीवरच मानसिक आजारांनाही विमा द्यायचा आहे. आणि कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावर खरा क्लेम फेटाळू नये, असं विमा नियामकाने कंपन्यांना २०११ मध्येच बजावलं आहे. उशिराचं कारण दोन ओळींत द्या. घटनेचं वर्णन पुन्हा करण्याची गरज नाही.

नकार लेखी घ्या. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा, नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद करा. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत तक्रार करा. राज्यात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. सुनावणी दूरदृश्य पद्धतीने घ्यावी आणि नाव गोपनीय ठेवावं, ही विनंती तक्रारीच्या पहिल्याच पानावर लिहा.