इटालियनमध्ये हलकी नाराजी सांगताना या चुका टाळा

इटलीतल्या पेरुजा शहरात शिकत असताना मी वर्गातल्या एका मैत्रिणीला जेवायला बोलावलं होतं. भरली वांगी तयार, भात तयार, आणि आठ वाजता तिचा मेसेज: जमत नाहीये. मी शब्दकोशात 'निराश' शोधलं आणि लिहून टाकलं, 'सोनो देलूझा'. दोन मिनिटांत फोन. तिचा आवाज घाबरलेला, माझं काही चुकलं का, तू एवढी रागावलीस का! मला फक्त 'अरेरे, आली असतीस तर बरं झालं असतं' एवढंच म्हणायचं होतं.

'देलूझो' (बाई बोलत असेल तर 'देलूझा') हा शब्द चुकीचा नाही, पण जड आहे. विश्वास ठेवला आणि तडा गेला, तेव्हाचा तो शब्द. हुकलेल्या जेवणासाठी इटालियन माणूस म्हणतो 'पेक्कातो!' किंवा 'के पेक्कातो!' या शब्दाचा मूळ अर्थ पाप, पण रोजच्या बोलण्यात तो आपला 'अरेरे' आहे. पूर्ण वाक्य करायचं तर 'पेक्कातो के तू नॉन पॉस्सा वेनीरे', म्हणजे तुला येता येत नाही, वाईट झालं. इथे नेहमीचं 'पुऑइ' (तू शकतेस) नाही, त्याच क्रियापदाचं 'पॉस्सा' हे रूप येतं. मात्र कुणाच्या घरी मृत्यू झाला असेल तर 'पेक्कातो' चुकूनही म्हणू नका, तिथे तो फार उथळ वाटतो. 'मि दिस्पियाचे तान्तो' म्हणा, म्हणजे फार वाईट वाटलं.

मराठी माणसाची खास अडचण याच 'मि दिस्पियाचे'पाशी सुरू होते. आपलं 'वाईट वाटलं' दोन्हीकडे चालतं, दुसऱ्याचं दुःख ऐकून आणि स्वतः दुखावलो तरी. म्हणून आपण दुखावल्यावरही नुसतं 'मि दिस्पियाचे' म्हणतो आणि समोरच्याला वाटतं, हा माझीच माफी मागतोय. मनाला लागलं हे सांगायला वेगळा प्रयोग आहे: 'चि सोनो रिमास्ता उन पो माले', मला जरा वाईट वाटलं. पुरुष 'रिमास्तो' म्हणेल. 'ओ रिमास्तो' मात्र नको, या क्रियापदाला 'एस्सेरे'च (म्हणजे 'असणे', 'सोनो' हे त्याचंच रूप) लागतं. यातला 'उन पो' गाळू नका, सगळा सौम्यपणा त्यात आहे.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे भूतकाळ. 'मला वाटलं होतं तू येशील' असं आपण म्हणतो तेव्हा बोट माणसाकडे नसतं, आपल्या अपेक्षेकडे असतं. इटालियनही हेच करतं. 'स्पेरावो दी वेदेर्ती', तू भेटशील अशी आशा होती. 'मि आस्पेत्तावो क्वाल्कोझा दी पियू', थोडं जास्त अपेक्षित होतं. याउलट 'मि आई देलूझो', तू मला निराश केलंस, हे सरळ अंगावर जातं.

अनोळखी माणसाशी बोलताना आणखी एक घसरण होते. हॉटेलात रस्त्याकडेची गोंगाटाची खोली मिळाली, की आपण 'स्कूझा' म्हणून सुरुवात करतो. ते 'अरे, ऐक' झालं. 'अहो'साठी 'स्कूझी'. मग 'वेरामेन्ते आवेवो प्रेनोतातो ऊना कामेरा त्रांक्विल्ला', खरं तर मी शांत खोली बुक केली होती. हे 'वेरामेन्ते' अगदी आपल्या 'खरं तर'सारखं वापरतात, तक्रार करतात पण आवाज चढवत नाहीत. आपल्याला ते आयतं जमतं, फक्त आठवायला हवं.

'मागारी' शब्दकोशात 'कदाचित' म्हणून सापडेल. पण सिसिलीला जाणार का, यावर उसासा टाकून कुणी 'मागारी!' म्हटलं तर त्याचा अर्थ 'तसं झालं तर काय हवं!' असतो. त्याला तारीख विचारू नका.

आणि 'पात्सियेन्त्सा'. म्हणजे असो, चालायचंच. बस चुकली, पाऊस आला, तिथे हा शब्द छान. मैत्रिणीने माफी मागितल्यावर कोरडेपणाने म्हटलात तर रुसल्यासारखा वाटतो. तेव्हा 'नॉन फा नियेन्ते, सारा पेर ला प्रोस्सिमा वोल्ता' म्हणा. काही हरकत नाही, पुढच्या वेळी.