ड्रिल हातात घेण्याआधी: जुन्या ९११ च्या हेड स्टडचे आटे

१९७४ ते १९७७ मधली २.७ लिटरची पोर्शे ९११ दारात असेल, तर हेड स्टडचा, म्हणजे सिलिंडर आणि हेड केसला आवळून धरणाऱ्या लांब बोल्टांचा, प्रश्न आज ना उद्या येतोच. या इंजिनाची केस, म्हणजे खालचा मुख्य सांगाडा, मॅग्नेशियमची, सिलिंडर आणि हेड ॲल्युमिनियमचे, स्टड पोलादाचे. इंजिन तापलं की ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, स्टड ताणला जातो आणि सगळा ओढा केसमधल्या मऊ आट्यांवर येतो. अमेरिकेत गेलेल्या बऱ्याच गाड्यांना थर्मल रिॲक्टर (एक्झॉस्टमधलं उरलेलं इंधन जाळणारे भाग) होते, त्यांनी उष्णता आणखी वाढवली. तेव्हा आटे उपटून आले म्हणजे आधीच्या मालकाने हयगय केली, असं लगेच धरू नका.

सगळ्यात आधी ठरवा, किती स्टड करायचे. एका सिलिंडरला चार, म्हणजे एकूण २४. गेलेले दोनच असले तरी मी २४ च्या २४ करा म्हणेन. बाकीच्यांनी तीच उष्णता सोसली आहे आणि सहा महिन्यांनी इंजिन पुन्हा खोलायचं झालं, तर इन्सर्टवर (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायच्या नव्या आट्यांच्या नळीवर) वाचवलेले पैसे गॅस्केटमध्येच जातील.

मग इन्सर्ट. तारेची गुंडाळी असलेले हेलिकॉइल स्वस्त पडतात, पण या केसमध्ये मी अखंड पोलादी बुशच बसवतो. त्याचे बाहेरचे आटे मोठ्या व्यासाचे असल्याने ताज्या धातूत पकड मिळते. स्टडचे केसकडचे आटे १० मिलिमीटर, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५, तर नटाकडचं टोक ८ मिलिमीटरचं. तरीही मागवण्याआधी पिच गेज लावून बघाच. किटमधलं ड्रिल, टॅप (आटे पाडायचं हत्यार) आणि बुश बसवायचं टूल एकाच संचातलं हवं. त्या टूलसाठी खास तेल येतं, तेही सोबत मागवा. काही बुशांचे खालचे आटे हे टूल फुलवून जागेवर घट्ट करतं. तेल नसेल तर टूल बुशमध्येच अडकतं.

आता खरी कसोटी: भोक काटकोनात हवं. मी आधी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात हाताने तीन भोकं पाडून पाहिली. तिसऱ्यात स्टड बसवून गुण्या लावला, तर वरच्या टोकाला दीड मिलिमीटरची फट. हाताला मात्र ड्रिल अगदी सरळ वाटत होतं. तेव्हापासून हातात ड्रिल धरून केसला हात लावायचा नाही, हे ठरलं. मिलिंग मशीन असलेलं वर्कशॉप मिळालं तर उत्तम, नाहीतर जाड पट्टीची गाइड प्लेट बनवून घ्या, जी शेजारच्या चांगल्या स्टडवर घट्ट बसेल. वर्कशॉपलाच देणार असाल तर सिलिंडर जिथे टेकतात ते पृष्ठभाग सपाट आहेत का, तेही त्याच खेपेला तपासून घ्या. मॅग्नेशियमच्या केस वाकतात.

मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो, हा या कामातला सर्वांत गंभीर धोका. जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवा. पेटलेल्या किसावर पाणी कधीही ओतू नका, आग भडकते. पाणी मिसळलेलं कूलंटही नको, हलकं तेल पुरतं. कीस साचू न देता वरचेवर उचला आणि जवळपास ग्राइंडर चालवू नका. इंजिन पूर्ण खोललेलं नसेल तर सगळी तोंडं कापडाने बंद करा. टॅपला ग्रीस लावलं की कीस त्यालाच चिकटतो.

जुने स्टड काढण्याआधी चांगला बसलेला एखादा स्टड केसबाहेर किती उंच आहे, ते मोजून वहीत लिहा. काढण्यासाठी स्टड रिमूव्हर घ्या. ८ मिलिमीटरच्या टोकावर दोन नट अडकवून जोर लावला तर तेच टोक पिळवटतं. केस हीट गनने हळूहळू तापवा, थेट ज्योत लावू नका.

बसवताना बुशाचा माथा पृष्ठभागाच्या किंचित खाली राहील, याची खूण ड्रिलवर आधीच करून ठेवा. वर आला तर सिलिंडर नीट टेकणार नाही. नटांसाठी १० मिलिमीटरची लांब ॲलन की लागते आणि टॉर्क सुमारे ३२ न्यूटन मीटरच द्यायचा असल्याने त्या मापात अचूक असलेला छोटा टॉर्क रेंच हवा. मोठा रेंच खालच्या आकड्यांवर भरवशाचा नसतो. छोटा रेंच नसेल तर आधी मित्राकडून आणून ठेवा, मगच पहिला स्टड काढा.