क्रोम स्प्रे राखाडी दिसतोय? माझा अनुभव

१:२४ मापाच्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढ्या) मॉडेल मोटारीचे बंपर आणि रिम. क्रोम स्प्रे मारला तर आरशाऐवजी ॲल्युमिनियमच्या पातेल्याचा रंग, वर बोट लावलं की चंदेरी बोटालाच.

करड्या प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) थेट मारून पाहिलं, जाड थर देऊन पाहिला. वरून क्लिअर लॅकर (पारदर्शक थर) मारल्यावर तर उरलीसुरली चमकही गेली. डोकं फिरलं.

जमलं ते असं. भाग २००० नंबरच्या वॉटर पेपरने (अगदी बारीक पॉलिश पेपरने) घासला, भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवला. मग ग्लॉस काळा रंग, आणि त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत थांबलो. सगळा खेळ इथेच आहे: क्रोमचा थर इतका पातळ असतो की खालचा गुळगुळीतपणाच वर चमकतो. मुंबईच्या पावसाळ्यात हा काळा रंग वाळता वाळत नाही, शिवाय दमट हवेत स्प्रे पांढरट पडतो. म्हणून कोरडी दुपार निवडली. कॅन कोमट पाण्यात (उकळत्या नव्हे!) थोडा वेळ ठेवून नीट हलवला. सुमारे २० सेंमीवरून धुक्यासारखे हलके थर, मध्ये काही मिनिटं. काळा झाकला गेला की लगेच थांबायचं.

नंतर झाकणाच्या डब्यात काही दिवस, हात न लावता. क्लिअर अजिबात नाही. चिकटवताना जोडाच्या जागेवरचा क्रोम खरवडा, नाहीतर गोंद रंगालाच धरतो.