सिंहली गाण्यातून मुलांना थांबायला कसं शिकवावं

संस्कारांची गाणी म्हटलं की लोक 'खोटे बोलू नये' छापाची गाणी शोधतात. ती राहू द्या. कोलंबोत बालवर्ग घ्यायचे तेव्हा माझ्या खरं उपयोगी पडलं ते ओलिंदचं लोकगीत. ओलिंद म्हणजे आपली गुंज. एप्रिलच्या 13-14 तारखेला सिंहली नववर्ष येतं, तेव्हा बायका-मुलं ओलिंद केळिय खेळतात. पाटावर खळग्यांच्या दोन ओळी असतात. एका खळग्यातल्या बिया उचलायच्या आणि पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जायचं. कानडी अळगुळी मणे पाहिली असेल तर लगेच कळेल.

पाट नसला तर डझनभर अंड्यांचा ट्रे घ्या. दर खळग्यात चार चिंचोके. खऱ्या गुंजा अजिबात नकोत, चावलेली गुंज जीवघेणी असते. मूल चार वर्षांच्या आतलं असेल तर चिंचोकेही नकोत, नुसतं गाणं म्हणा.

गाणं सवाल-जवाबाचं आहे. 'ओलिंद तिबेन्ने कोय कोय देसे?' म्हणजे ओलिंद कुठल्या कुठल्या देशात असते? जवाब, 'बंगलि देसे', बंगाल देशात. दोन दिवसांत पाठ होतं. 'ओलिंद'मधला अनुस्वार मात्र निसटता म्हणा. सिंहलीत तेवढ्याने अर्थ बदलतो: कँद म्हणजे झाडाचं खोड आणि कन्द म्हणजे टेकडी. मुलं चूक लगेच पकडतात.

आता अवघड भाग. पहिलं वर्षभर मी प्रत्येक डावानंतर तात्पर्य सांगत होते: बघा, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं असतं. एक दिवस चार वर्षांच्या एका पोराने ते वाक्य माझ्याच सुरात घडाघडा म्हणून दाखवलं आणि विचारलं, "दॅन् हरिद, टीचर?" आता बरोबर ना? मूठ उघडली तर शेजारणीचे सात चिंचोके. त्या दिवसापासून तात्पर्य बंद. तुम्हीही सांगू नका, कितीही जीभ वळवळली तरी.

थांबवायचं काम गाण्यालाच करू द्या. समोरच्याने सवाल गायचा, ज्याचा डाव त्याने जवाब. जवाबातला 'देसे' पुरा झाल्याशिवाय चिंचोक्यांना हात लावायचा नाही. कुणी आधीच हात घातला तर रागावू नका, नावही घेऊ नका. ओळ अर्धवट तोडून गप्प बसा. सगळी पोरं त्या हाताकडे बघतात आणि हात आपोआप मागे येतो. पहिल्या आठवड्यात गाणं वीसदा तुटेल. तुटू द्या. इथेच बहुतेक पालक कंटाळून पुन्हा भाषण सुरू करतात.

हरलेलं मूल भोकाड पसरणारच. समजूत घालत बसू नका. पुढच्या डावाचा पहिला सवाल त्यानेच गायचा, एवढा एक नियम ठेवा. डोळे पुसत का होईना, 'कोय कोय' म्हणायला ते परत पाटाशी येतं.